एकाच नंबरावरची आठ मुलं

वासंती, तुझा फोन सध्या माझ्याकडे आहे. तू जाऊन आज बारा दिवस झाले, आणि त्यातले शेवटचे दोन दिवस मी या फोनची राखण करण्यात घालवले. चार्जरही तुझाच आहे. त्याची वायर एका बाजूला वाकवून धरल्याशिवाय तो चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिला तासभर फुकट गेला. झाल्या प्रकाराची हकिकत तुला कुणीतरी द्यायला हवी. ती मीच देते, कारण यातला निम्मा दोष तुझा आहे.

शाळेत तुझी शोकसभा झाली. नगरपरिषदेच्या शाळेत इतकी माणसं मी प्रथमच पाहिली. तिथे तुला ज्ञानाची पणती म्हणाले, माऊली म्हणाले, आणि एका गृहस्थांनी तू पिढ्या घडवल्यास असं चार वेळा सांगितलं. तू शेजारी असतीस तर मला कोपराने ढोसलं असतंस. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागे बसलेल्या बाईला सभेत बोलता येत नाही, आणि मला जे बोलायचं होतं ते त्या लोकांशी नव्हतंच.

आपली ओळख त्या खिडकीवरचीच. मी कुडाळच्या कॉलेजात प्रवेशाचे अर्ज घेत होते. तू मालवणहून सकाळच्या एसटीने तीन मुलांना घेऊन आलीस. मी अर्ज तपासले तर तिन्ही अर्जांवर एकच फोन नंबर. मी विचारलं, हा नंबर कुणाचा? तू म्हणालीस, माझा. मी विचारलं, तुम्ही या मुलांच्या कोण? तू अगदी सरळ चेहऱ्याने म्हणालीस, सातवीच्या बाई. खिडकीवर मी बाप पाहिले होते, मामा पाहिले होते, पुढारी आणि पुढाऱ्यांचे भाचे पाहिले होते. पण सातवी पास झालेल्या मुलांना पाच वर्षांनी हुडकून कॉलेजात घेऊन येणारी बाई पाहिली नव्हती. मला वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. पहिली दोन वर्षं मी तुला 'अहो बाई' म्हणत होते आणि मनात तेच म्हणत होते.

मग तू एकदा मला समजावलंस. तुझ्या शाळेतल्या मुलांचे बाप होडीवर, आया मासळी बाजारात किंवा कुणाच्या हॉटेलात. मुलांनी शिकू नये असं त्यातलं कुणी म्हणत नव्हतं. फक्त बारावीनंतर काय करायचं, कुठला कागद कुठे द्यायचा, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "इरोध करूक तरी म्हायती लागता गो," तू म्हणालीस. "हंय म्हायतीच नाय." ते मला पटलं. मी कारकून होते, कागदावाचून अडलेली माणसं रोज बघत होते.

प्रवेशाचं लोक कौतुक करतात. वर्तमानपत्रात फोटो येतो तो जुलैत. तू मात्र मुलं मोजायचीस ती चतुर्थीनंतर. गणपतीला घरी गेलेली मुलं परत कॉलेजात आली की नाहीत, यावर तुझा सगळा हिशेब असे. तोवर मासेमारी सुरू झालेली असते, पुढे पर्यटक येतात, स्कुबाच्या होड्यांवर पोरं हवी असतात, घरगुती खानावळीत मुली हव्या असतात. विसर्जन झाल्यावरच्या सोमवारी तुझा फोन ठरलेला. "किती इले?" एवढंच विचारायचीस. हजेरीपट बाहेरच्या माणसाला सांगायचा नसतो. मी दरवर्षी तुला तसं सांगायची आणि मग नावं वाचून दाखवायची.

एखादं नाव गैरहजर निघालं की तू त्याच्या आईकडून मासे घ्यायला लागायचीस. तुझ्या घरी आठवडाभर सलग बांगडे शिजले की मी समजायची, कुणाचं तरी पोर कॉलेज सोडायच्या बेतात आहे. एका वर्षी तुझ्या घरात नुसता मासळी बाजार भरला होता, सुंगटं, मोरी, पेडवे, काही विचारू नको. मी म्हटलं, अगं, एकटी बाई तू, इतके मासे खातेस कशी? तू म्हणालीस, "खाणां खंय? त्या बाईच्या म्होरार उकिडवा बसाक कारण लागता." पाटी समोर ठेवून बसलेल्या बाईशी मासे न घेता बोललं तर गिऱ्हाईक अडतं. मासे निवडत निवडत तू अर्धा तास काढायचीस आणि शेवटी पोरगं सोमवारी एसटीत बसायचं. नेहमी नाही. पण बऱ्याचदा.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धं राहिलंय.

तुझी सगळी मुलं तुझ्या नंबरावर होती. आधी लँडलाइन होता, मग मोबाइल आला आणि प्रकरण वाढलं, कारण आता सगळं साइटवर. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, काहीही करायचं तर नोंदवलेल्या नंबरावर ओटीपी येणार. तुझ्या फोनवर दर सहा महिन्यांनी ओटीपींचा पाऊस. पोरं तुला फोन करायची, तू आकडे वाचायचीस. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, एकदा तर लग्नात अक्षता हातात घेऊन. मी तुला शंभर वेळा सांगितलं, मुलांचे नंबर मुलांचे घाल.

"पोरांचो नंबर सा म्हयन्यान बदलता," तू म्हणायचीस. "बापाशीचो फोन दर्यात पडता. माझो नंबर बदलूचो नाय."

यावर मी एकदा वाईट बोलले. म्हटलं, तू या मुलांना सातवीतच ठेवतेस. वीस वर्षांची झाली तरी तू आकडा सांगितल्याशिवाय त्यांचं दार उघडत नाही. याला शिकवणं म्हणत नाहीत. तू दोन आठवडे माझ्याशी बोलली नाहीस. मग एक दिवस फोन करून हजेरी विचारलीस, मी सांगितली, आणि तो विषय तसाच राहिला. मी चुकीचं बोलले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आजही पूर्ण वाटत नाही.

शेवटचं भांडण एप्रिलातलं. तू खळ्यात आमसुलं वाळत घातली होतीस आणि एकेक साल उलटत होतीस. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, तू आकडा सांगितलास. मी म्हटलं, "नि उद्या तू मेलंस तर?" तू वर बघितलं नाहीस. "बघूया," म्हणालीस, आणि मला आमसुलं कशी डागाळली आहेत ते दाखवायला लागलीस. मी पुढे रेटलं नाही. उन्हात बसून कंटाळा आला होता.

तर बघायची वेळ आली. तू सकाळी पडवीत चहा घेऊन बसलीस आणि उठली नाहीस. सुहास सावंतवाडीहून आला. तुझा हा धाकटा भाऊ मला पहिल्यापासून आवडतो. सरळ माणूस, बँकेतून निवृत्त झालेला, प्रत्येक कागद दोनदा वाचणारा. त्याने सगळं नीट केलं. मी आले, गेले, पुन्हा आले. तुझी मुलं रोज पडवीत येऊन बसत होती. सध्याची आठ आणि जुनी कितीतरी. जुनी रडून, सुहासशी बोलून घरी जायची. ही आठ मात्र बसून राहायची. चहा प्यायची, पुन्हा बसायची. समीक्षा म्हणून जी दुसऱ्या वर्षाला आहे, ती तर तीन दिवस सकाळ-दुपार होती. मला वाटलं, माया आहे. होतीच. रडणं खरं होतं, याबद्दल मी कुणाशीही पैज लावीन.

दहाव्याला मी पोचले तेव्हा सुहासने मला आत बोलावलं, दार लोटलं आणि आवाज खाली घेतला.

"नलूताय, एक सांगूचा होता. ताईच्या खात्यार कोणाचो तरी डोळो आसा."

"म्हणजे?"

"रोज ओटीपी येतत. एका दिसात सा-सा. माणूस जावन चार दिस झाले नाय, आणि चोरांक खबर! मी फोन सरळ बंद करून कपाटात ठेवलंय. नंबर बंद करूचो अर्ज पण लिवन ठेवलंय."

मी विचारलं, मेसेज कुणाचे होते?

"तां कोण वाचता? ओटीपी दिसल्यार मी फुडे बघूकच नाय."

त्याचं काहीही चुकलं नव्हतं. हा माणूस आयुष्यभर काउंटरवर आलेल्यांना सांगत आला की फोनवर आलेला आकडा सख्ख्या भावालाही सांगू नका. आता तो सख्खा भाऊ होता आणि आकडा बहिणीच्या फोनवर येत होता. मी म्हटलं, सुहास, फोन चालू कर. त्याने कपाटातून काढून चालू केला. दोन मिनिटं काही नाही. मग तो जो वाजायला लागला, तो थांबेना. सगळे मेसेज परीक्षेच्या साइटचे होते. चोर सगळे बाहेर पडवीत बसलेले होते.

मला हसू आलं, वासंती. दहाव्याच्या दिवशी, तुझ्या घरात. सुहास माझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्या लक्षात आलं की परीक्षेच्या अर्जांच्या तारखा चालू आहेत, आणि माझं हसू गेलं.

मी बाहेर आले आणि विचारलं, "कोणाचो फॉर्म भरूचो रवलो?"

 मग समीक्षाने वर्गात करतात तसा हात वर केला. मग दुसरा हात, तिसरा. आठही हात वर झाले.

"मगे सांगलात कित्याक नाय?"

"मॅडम," समीक्षा म्हणाली, "सुतकाच्या घरात ओटीपी कसो मागूचो?"

सुतकाच्या घरी आपल्याकडे कुणी विरजण मागायलाही जात नाही. ही पोरं घरून निघताना मोबाइलवर ओटीपीचं बटण दाबायची आणि तुझ्या पडवीत येऊन बसायची. आतून कुणीतरी फोन घेऊन बाहेर येईल, हा कसला आकडा म्हणून विचारेल, एवढ्या आशेवर. तू वळण चांगलं लावलंस. इतकं चांगलं की आठ जणांतल्या एकालाही तोंड उघडता आलं नाही. मला तुझा राग आला. तू गेल्याला दहा दिवस झाले होते आणि मला पहिल्यांदा तुझा नीट, जिवंत माणसाचा यावा तसा राग आला, आणि त्याने बरं वाटलं.

मग मी पायरीवर बसले, तुझा फोन मांडीवर घेतला आणि एकेकाला समोर बोलावलं. पोरांनी आपापल्या मोबाइलवर साइट उघडली, मी आकडे वाचले. सुहास शेजारी खुर्चीवर बसला होता. मी मोठ्याने आकडा वाचला की दर वेळी त्याचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा व्हायचा. पण तो उठला नाही. अर्ज भरून झाला की मी प्रत्येकाला दुसरं एक काम सांगितलं. तुझा नंबर काढायचा आणि स्वतःचा घालायचा. तू असतीस तर हे होऊ दिलं नसतंस. तू नव्हतीस.

सात जणांचं झालं. आठवी नफिसा. तिने साइट उघडली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. तिसऱ्या वर्षाच्या अर्जांची तारीख आदल्या दिवशी संपली होती.

नफिसाचं तुला सांगायला नको, पण मला पुन्हा एकदा सांगायचंय. तिचे वडील बंदरावर मासळीचा व्यापार करतात. तिच्या घरातली कॉलेजात गेलेली ती पहिली. तिला पाठवायला ते तयार झाले तेव्हा तुला म्हणाले होते, "तीन वर्सां, बाई. चौथा नाय." कठोर माणूस नव्हे. सांगितलेलं पाळणारा, आणि समोरच्यानेही पाळावं असं मानणारा. तू त्यांना शब्द दिलास. नफिसाचा दुसऱ्या वर्षाचा एक विषय राहिला होता, तो तिसऱ्या वर्षाच्या याच अर्जात धरायचा होता आणि या परीक्षेत सुटला तर तीन वर्षांत पदवी. अर्ज गेला नाही तर तो विषय पुढच्या वर्षावर, म्हणजे चौथ्या. आणि चौथं नाही.

"तू तरी बोलूचा," मी तिला म्हटलं. "तू चार येळा येवन गेलंस."

"तुमच्यात चलत नाय असा माका वाटला," ती म्हणाली. ती रडली नाही. मोबाइल तिने ओढणीने पुसला आणि पिशवीत ठेवला, जणू आता त्याचं काम संपलं.

आणि मला मंगल आठवली. तिच्याबद्दल आपण पंधरा वर्षांत एक अक्षर बोललो नाही, म्हणून आता बोलते.

मंगलच्या शेवटच्या परीक्षेचा अर्ज घेऊन तू आलीस तेव्हा तारीख उलटून एक दिवस झाला होता. मंगल तुझ्या मागे उभी होती, हिरवा पंजाबी ड्रेस घालून. मी म्हटलं, तारीख काल होती. तू कारण सांगायला लागलीस, मी म्हटलं, तारीख म्हणजे तारीख. मला वाटलं होतं तू भांडशील. दुसऱ्या कुणाशी भांडायचीस तशी. तू भांडली नाहीस. अर्जाची घडी घातलीस, मंगलच्या खांद्यावर हात ठेवलास आणि गेलीस. मंगल त्या वर्षी गोव्याला कामाला गेली आणि तिचं कॉलेज तिथेच संपलं. तू माझ्याशी नंतर पूर्वीसारखीच बोलत राहिलीस. तुझ्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणूनच विचारलं नाही.

तुला न सांगितलेली गोष्ट अशी, की तू वळलीस तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. तुला हाक मारणार होते. पण मागे दोन सहकारी बसले होते, त्यांच्यासमोर आपलाच शब्द फिरवायची मला लाज वाटली. तोवर तू फाटकापर्यंत गेली होतीस.

अकराव्याला सकाळी नफिसा मालवणहून कुडाळला आली आणि मी तिला घेऊन कॉलेजात गेले. खिडकीवर प्रसाद होता. त्याला काम मीच शिकवलं. त्याने उठून नमस्कार केला, चहा सांगितला, तुझ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलला. मग मी काम सांगितलं. तो ऑफिसातल्या मराठीत आला.

"मॅडम, तारीख परवा संपली."

"मला माहीत आहे."

"तुम्हीच आम्हाला सांगायचात. तारीख म्हणजे तारीख."

तो टोमणा मारत नव्हता. त्याने ते मनापासून शिकून घेतलं होतं. खिडकीच्या बाहेरून ते वाक्य कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर उभं राहिलं की आतला माणूस फार उंचावर बसल्यासारखा दिसतो, हेही मला तीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

मी त्याला म्हटलं, प्रसाद, सबळ कारण असेल तर प्राचार्यांच्या सहीने दोन दिवसांच्या आत अर्ज घेता येतो. विलंबाचा वेगळा अर्ज जोडायचा. तू नियम काढून बघ. त्याने फाइल काढून बघितलं. तसं होतं. तो म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं. कधीपासून आहे?"

मी म्हटलं, बरीच वर्षं आहे.

हे तुला सांगायला मी बारा दिवस घेतले, खरं तर पंधरा वर्षं. तो नियम मंगलच्या वेळीही होता, वासंती. मला माहीत होता. मी खिडकीत बसून तुला तो सांगितला नाही, कारण तू विचारला नव्हतास, आणि ज्याने विचारलं नाही त्याला सांगायचं नाही अशी आमची ऑफिसातली पद्धत होती. मला याची लाज वाटते. आधीही वाटत होती, पण तेव्हा तू होतीस, आणि तुझ्याकडे मासे खाऊन घरी जाणं सोपं होतं.

विलंबाचा अर्ज नफिसाने लिहायला घेतला. कारणाच्या जागेवर ती थांबली. मी सवयीने सांगायला लागले, लिही, "नोंदणी केलेल्या भ्रमणध्वनी क्रमांकाच्या धारक मयत झाल्याने..." आणि पुढचं वाक्य मला सुचेना. मयत हा शब्द मी आयुष्यात किती अर्जांवर लिहिला असेल. वडील मयत, पालक मयत, दाखला जोडला आहे. तुझ्यासाठी तो चालेना. नफिसाने माझ्याकडे बघितलं, वरची ओळ खोडली आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं, "माझ्या बाई वारल्या. त्यांच्या फोनवर ओटीपी येत होता. मला मागता आला नाही." मी म्हटलं, अशी भाषा चालत नाही. प्रसादने कागद घेतला, वाचला आणि आत नेला. प्राचार्यांनी सही केली. चालली.

मग नंबर बदलायचा होता. जुन्या नंबरावरचा आकडा मी तुझ्या फोनवरून वाचून दाखवला. नव्या नंबरावरचा नफिसाच्या मोबाइलवर आला. तिने तो खिडकीतून प्रसादला सांगितला, सहा आकडे, एकेक सुटा, न अडखळता. अर्ज गेला. पावती छापून आली. ती तिने दोनदा वाचली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की भांडण मी जिंकले. आठही मुलं आता आपापल्या नंबरावर आहेत. जे मी इतकी वर्षं ओरडत होते ते दीड दिवसात झालं, आणि कुणालाही काही जड गेलं नाही. मला वाटलं होतं, या दिवशी मी तुला फोन करीन आणि म्हणेन, बघ. तुझा फोन माझ्याच पर्समध्ये होता. मला तुझी फार आठवण आली. दुसरं काही म्हणण्यासारखं नाही.

परीक्षा अजून व्हायची आहे. नफिसा तो विषय सोडवेल की नाही, मला माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, अर्धा पाठ आहे, अर्धा कळलाय, आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे आहेत. एवढं तुला पुरेल असं वाटतं. तू याहून कमी भरवशावर पोरं पाठवली आहेस.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. मालवण गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या मी तिला म्हटलं, घरात मागता येईना तर मला तरी फोन करायचास, मी कुडाळलाच होते.

"तुमका पण सुतक आसतला असा वाटला," ती म्हणाली. "तुमी बाईंची भैण नाय?"

मी म्हटलं, नाही. आमचं नातं लागत नाही. मला सुतक नव्हतं.

तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बाईंनी चतुर्थीत माका तुमचा सांगलेला. म्हणाल्या, मी कधी नसलंय तर कुडाळच्या नलूक गाठ."

"आणि?"

ती सांगायला तयार नव्हती. मी दोनदा विचारलं तेव्हा जमिनीकडे बघत बोलली. "म्हणाल्या, ती पयली नाय म्हणतली. नाय म्हटल्यान म्हणान परतू नको. मी एकदा परतलंय, ता माझा चुकला. थंयच उभी रव. तिका राग येत नाय, तिका येळ लागता."

 समोर सावंतवाडीची गाडी लागली, भरली, सुटली. तू माझं उठणं पाहिलं होतंस की नुसतं ओळखलं होतंस, ते आता कळायचं नाही. आणि ती चूक तू इतकी वर्षं तुझी म्हणून सांभाळत होतीस, हे मला कुठे ठेवावं ते समजेना. अजून समजत नाही.

मालवण गाडी आली. नफिसा उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचो नंबर दिया."

"माझो कित्याक?" मी म्हटलं. "तुझो आसा ना आता साइटवर? सगळा तुझ्याच फोनवर येतला. माझो काय करतलंस?"

तिने मोबाइल काढून हातात धरला. मी म्हटलं, चड, गाडी सुटता. कंडक्टरने दारातून विचारलं, येताय काय? माणसं चढली, दार लागलं. ती माझ्यासमोर उभी होती.

मी नंबर दिला, वासंती. पण वेळ लागला. तिची ती गाडी गेली.